पाय शेकून बघ, आई

साप्पोरो, जपान
१२ जानेवारी

ती. आईस,
सा. न.

दादा परवा फोनवर बोलता बोलता सांगून गेला, की तू रात्री दोन-अडीचला उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसतेस आणि पहिल्या लोकलचा आवाज आला की आत येतेस. मला मात्र "लागते गं थोडीफार झोप" एवढंच सांगतेस. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझंही हेच झालं होतं, तुला काळजी नको म्हणून बोलले नाही. दुलईत शिरून तास झाला तरी तळपाय बर्फासारखे गार. शेजारच्या आजींनी मला ओफुरोची, म्हणजे गरम पाण्याच्या टबात बसायची सवय लावली. आधी टबाबाहेर साबण लावून आंघोळ उरकायची, मग ४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. आणि त्या दर वेळी बजावायच्या, लगेच अंथरुणात शिरायचं नाही, तासभर जाऊ दे.

त्याचं कारण मला पुढे वाचल्यावर कळलं. संध्याकाळनंतर शरीराच्या आतलं तापमान उतरू लागतं आणि ते उतरताना झोप येते. गरम पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, रक्त तळव्यांपर्यंत पोचतं आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडते. आपली आजी काशाच्या वाटीने पाय घासताना म्हणायची ना, "अंगातली उष्णता उतरते"? मला तीच आठवली. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंघोळ केली, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. जादू नाही, पण कूस बदलत काढलेली दहा मिनिटं किती मोठी असतात, हे तुला मी काय सांगू!

आपल्याकडे टब कुठला, आणि मुंबईच्या दमट हवेत अख्खं अंग तापवायचीही गरज नाही. पाय पुरेत. तुझी मालिका साडेनऊला संपते, तेव्हाच बस. धुण्याच्या टबात आधी नळाचं पाणी पाच तांबे घाल, मग एक तांब्या उकळतं; साधारण ४० अंश होतं. घोट्याच्या वरपर्यंत पाय बुडव, पंधरा मिनिटं. नंतर बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पूस आणि पंखा लाव. खोली गार हवी, नाहीतर उष्णता बाहेर पडणार कशी? उठताना भिंतीला धरून ऊठ, गरम पाण्याने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

बाबांना मात्र हे करू देऊ नकोस. मधुमेहाने त्यांच्या तळव्यांना चटका कळत नाही, पाणी जास्त गरम असलं तरी ते "बरं आहे" म्हणतील. गरम पाण्याची पिशवीही त्यांच्या पायाशी ठेवून झोपवू नकोस. नुसतं कोमट वाटणारं, ४४ अंशांचं काही तासन्‌तास टेकून राहिलं तरी भाजतं. त्यांना सुती मोजे दे.

दोन आठवडे कर आणि रोज किती वाजता झोप लागली ते कॅलेंडरवर लिही. फरक पडला नाही तर दादाबरोबर डॉक्टरांकडे जा, वय झालं म्हणून सोडून देऊ नकोस. संध्याकाळचा सहाचा चहाही तेवढे दिवस बंद ठेव, चिडू नकोस.

आणि दोन वाजता जाग आलीच तर मला फोन कर. इथे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, मी उठलेलीच असते.

तुझी,
सोनू