सुबिकहून बाबांना

ओलोंगापो, फिलिपिन्स

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही मालदीवचा विषय काढलात. मे 2024 मध्ये तिथली विमानं-हेलिकॉप्टरं सांभाळणारे आपले जवान निघाले, त्यांच्या जागी बिनवर्दीचे तंत्रज्ञ गेले. मग यात आपलं वजन घटलं की नाही, हा तुमचा सवाल. फौजी माणसाचा सवाल फोनवर उरकता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी रोज ज्या फाटकातून कामावर जातो, त्याच्या आत 1992 पर्यंत अमेरिकी आरमाराचा सुबिक तळ होता. 16 सप्टेंबर 1991 ला इथल्या सिनेटने तळाचा नवा करार 12 विरुद्ध 11 मतांनी फेटाळला. राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो स्वतः कराराच्या बाजूने मोर्चात चालल्या होत्या, तरी! त्याआधी जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीने अमेरिकनांचा क्लार्कचा हवाई तळ राखेखाली गाडला होताच. पुढच्या वर्षी 24 नोव्हेंबरला सुबिकही रिकामं झालं.

आमचे घरमालक तळावर वेल्डर होते. जाताना अमेरिकनांनी तरंगत्या गोद्यासुद्धा ओढून नेल्या, हे सांगताना ते अजून चिडतात. आणि त्याच दमात म्हणतात, माझं मत असतं तर मीही त्यांना जाच म्हटलं असतं. ज्याची रोजीरोटी गेली तो माणूस हे बोलतो!

अमेरिका आणि फिलिपिन्समधला 1951 चा संरक्षण करार कुणी मोडला नाही, पण त्यातला जीव गेला. मदत आटली, मोठे संयुक्त सराव काही वर्षं थांबले. 1995 मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या मिसचिफ रीफवर, ज्यावर फिलिपिन्सही हक्क सांगतं, बांधकाम केलं, तेव्हा मालकी कुणाची यावर आम्ही बोलणार नाही, असं वॉशिंग्टनने सांगून टाकलं. मनिलाचा निषेध कागदावरच राहिला.

म्हणून इथे बरेच जण म्हणतात, तळ गेला आणि चीन आला. मला हे अर्धंच पटतं. 1988 मध्ये चीनने व्हिएतनामकडून जॉन्सन साउथ रीफ घेतलं, तेव्हा सोव्हिएत आरमार व्हिएतनामच्याच काम रान्ह बंदरात तळ ठोकून होतं. ते हललंसुद्धा नाही. परक्याचा तळ असला म्हणून तो आपल्यासाठी लढेलच असं नाही. मनिलाचं चुकलं ते पुढे: पाहुणे गेल्यावर स्वतःचं आरमार उभं करायला पैसा काढला नाही. 1999 मध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक गंजकं जहाज मुद्दाम त्याच समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर रुतवलं आणि त्यावर मूठभर सैनिक बसवले. ते अजून तिथेच आहेत.

शेवटी अमेरिकनांना परत बोलवावंच लागलं. आधी 1998 चा करार, अमेरिकी सैनिकांच्या येण्याजाण्याचा; मग 2014 चा, इथल्या छावण्या वापरण्याचा. 2023 पासून फिलिपिनी सैन्याच्या नऊ ठिकाणी ते पाळीपाळीने येतात. फरक इतकाच की आता छावणी यजमानांची. दरम्यान 2020 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी 1998 चा करार मोडायची नोटीस दिली आणि पुढच्या वर्षी मागेही घेतली.

मालदीवचं म्हणाल, तर जवान परतल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आलेच, आणि 40 कोटी डॉलरची चलन-अदलाबदलीची सोय करून घेऊन गेले. तेव्हा जवान गेले म्हणून घाबरू नका. विमानं आणि ती चालवणारे आपलेच आहेत ना, ते बघा.

आपलं ब्रह्मोस एप्रिल 2024 मध्ये इथे आलं, तेव्हा घरमालकांनी मला बिअर पाजली होती. हे आईला सांगू नका. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला असेल तर फोटो पाठवा.

तुमचा,
संदीप