टँकरवरच्या 'इन'बद्दल ताईला

ग्लासगो

प्रिय ताई,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या नववीतल्या त्या पोराला माझ्यातर्फे शाबासकी दे. 'इन' लावला की अर्थ उलटा होतो म्हणता, मग टँकरवर 'इन्फ्लेमेबल' का लिहितात, पेट्रोल पेटत नाही का बाई, हे त्याने विचारलं ते अगदी योग्य विचारलं. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

इंग्रजीत हा 'इन' लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत' सांगणारा. टँकरवरचा दुसरा: ज्वाळांत शिरणारं, म्हणजे पटकन पेट घेणारं. सुजेला डॉक्टर 'इन्फ्लेमेशन' म्हणतात तो 'इन'ही हाच. पण त्या मुलासारखा घोळ मोठ्यांचाही होईल आणि त्यात जीव जाईल, ही भीती होतीच. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या लोकांनी 'फ्लेमेबल'च लिहा असा आग्रह धरला. १९५९ मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तेच धोरण घेतलं. आमच्या लॅबमधल्या ॲसिटोनच्या बाटलीवर लाल चौकटीत ज्वाळेचं चित्र असतं आणि सोबत 'हायली फ्लेमेबल'. जुना शब्द व्याकरणाने चूक नव्हता, तरी बदलला, हे मला मनापासून पटतं. आपल्याकडच्या टँकरवरही बदलायला हवा.

आता खऱ्या नकाराचं. इंग्रजीचा 'अन', लॅटिनचा नकारी 'इन', ग्रीकचा 'अ' किंवा 'अन्' आणि आपल्या संस्कृतातला 'अ' किंवा 'अन्' ही सगळी एकाच आईची लेकरं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एक असावं, असं विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडलं होतं. नियमसुद्धा सारखा बघ. व्यंजन आलं की 'अ', स्वर आला की 'अन्': आपलं अखंड आणि अनेक, तसं ग्रीकांचं ॲटम, म्हणजे न कापता येणारा, आणि ॲनॉनिमस, म्हणजे निनावी. ग्रीक देवांचं खाणं ते 'ॲम्ब्रोझिया', त्यात आपलं अमृतच दडलंय.

माझा सगळ्यात आवडता 'अनकाउथ'. आज अर्थ रांगडा, असभ्य. जुन्या इंग्रजीत तो 'उनकूथ' होता आणि अर्थ एवढाच की 'माहीत नसलेला'. आपलं 'अज्ञात' त्याचं सख्खं भावंड, कारण त्यातला 'कूथ' आणि आपला 'ज्ञात' एकाच धातूचे. पुढे अनोळखी तो विचित्र ठरला आणि विचित्र तो असंस्कृत. परमुलखात राहणाऱ्याला हा प्रवास फार जवळून कळतो, ताई. नवख्या माणसाचं जेवण, बोलणं, मोठ्याने हसणं आधी फक्त वेगळं असतं. त्याला नावं नंतर ठेवली जातात.

आणि नकार काढून टाकलेलं रूप इथे स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे. 'कूथी' म्हणजे आपलासा, मनमिळाऊ. शेजारच्या आजीबाई कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाला 'कूथी' म्हणतात. दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, त्याच्या घरच्यांची चौकशी करतो. दुसरा कुठला शब्द तिथे शोभलाच नसता.

वर्गात 'अनादर' आणि 'अनाथ' शेजारी शेजारी लिहून फोड करायला दे. पहिल्यात 'अन्' आहे, दुसऱ्यात नुसता 'अ'. तुझा टँकरवाला पोरगा बरोबर पकडेल. काय म्हणाला ते मात्र कळव.

आई-बाबांना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा धाकटा