अण्णांच्या पोटाच्या डायलिसिसबद्दल

मिरज

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार. अण्णांचं पोटाचं डायलिसिस आता घरीच सुरू होणार हे कळलं. ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवतीलच. घरी आल्यावर जे हमखास निसटतं, तेवढंच लिहिते.

खोली मोठी नसली तरी चालेल, पण दार-खिडकी बंद व्हायला हवी. पिशवी बदलताना, म्हणजे पोटातलं जुनं पाणी काढून पिशवीतलं नवं डायलिसिसचं पाणी सोडताना, पंखाही बंद. बहुतेकांना दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटरची पिशवी लागते आणि दर खेपेला अर्धा-पाऊण तास जातो. खरा धोका मात्र अण्णांच्या पोटात बसवलेल्या नळीची टोपी काढल्यापासून ती पिशवीला जोडेपर्यंतच्या काही सेकंदांचा. मास्क दोघांनीही लावा. अंगठी-बांगड्या काढून साबणाने हात धू आणि नीट कोरडे कर, ओल्या हातांवरून जंतू सहज पसरतात. नव्या पिशवीचं टोक कशालाही, अगदी अण्णांच्या सदऱ्याला लागलं, तरी ती पिशवी बाद. अण्णांच्या नळीचं टोक लागलं, तर नळीची चावी बंदच ठेव, नवी टोपी लाव आणि लगेच डायलिसिस युनिटला फोन कर. "एवढ्यानं काय होतंय" हे इथे चालत नाही गं.

आधी पोटातलं पाणी काढायचं. मग अण्णांकडची चावी बंद करून नवं पाणी पाच आकडे मोजेपर्यंत थेट खाली ठेवलेल्या, जुनं पाणी जमा होणाऱ्या पिशवीत सोडायचं, आणि त्यानंतरच पोटात. घाईत नेमकं हे मधलं धुणं राहतं. नळीतली हवा आणि चुकून शिरलेले जंतू त्यानेच बाहेर जातात. पिशवी गरम पाण्यात बुडवून कोमट करू नकोस, जोडणीच्या जागी ओल शिरते. हीटिंग पॅडवर ठेव.

बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी दर वेळी वर्तमानपत्रावर ठेवून बघ. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर ठीक. पाणी गढूळ दिसलं, तर पोट दुखत नसलं तरी पोटात जंतुसंसर्ग असू शकतो. सकाळची वाट बघू नकोस, घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नकोस. ती पिशवी तशीच घेऊन दवाखाना गाठ.

पाणी हळू येत असेल, तर आधी नळीला पीळ पडलाय का बघ. तसं नसेल तर अण्णांना शौचाला कधी झालं ते विचार. भरलेलं आतडं नळीला रेटतं, त्यामुळे बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. रोज सकाळचं वजन, बीपी आणि किती पाणी घातलं, किती आलं, ते वहीत लिहा. डायलिसिसच्या पाण्यात साखर असते, तेव्हा मधुमेहाच्या औषधांबद्दल डॉक्टरांना नक्की विचार.

जेवणात मोठा बदल आहे. इतके दिवस प्रथिनं कमी करायला सांगत होते. आता ती पाण्यावाटे रोज वाहून जातात, म्हणून वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम लागतात. जुना पथ्याचा कागद काढून टाक. अंड्याचा पांढरा भाग चांगला. बाकी आहारतज्ज्ञांकडून लिहून घे.

हरिपूरच्या संगमावरची नदीतली डुबकी मात्र कायमची बंद. नळी बसवल्याची जखम भरल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की बादलीतल्या पाण्याने आंघोळ करायची, नळी ओढली न जाईल अशी चिकटवून.

पिशव्यांचे खोके उन्हापासून दूर, कोरड्या आणि उंच जागी रचा. तुमच्या गल्लीत २०१९ ला पुराचं पाणी आलं होतं, म्हणून पावसाळ्यात साठा वरच्या मजल्यावर हवा आणि रस्ते बंद होतील हे धरून दोन आठवड्यांचा जास्तीचा. हीटिंग पॅड सोडला तर हातानं पिशवी बदलायला वीज लागत नाही, तेवढा आधार.

महेशलाही ट्रेनिंगला ने. तुला सर्दी-ताप असेल त्या दिवशी त्याने बदलायला हवं. अण्णांचे हात थरथरत नसतील, नजर ठीक असेल, तर त्यांनाच करू दे, तू शेजारी बस.

अण्णांना नमस्कार.

तुझी,
शैला