वीटकऱ्याचं चित्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात लावायला जुन्या डॉक्टरांची कोरीव चित्रं शोधतोयस, हे वाचून फार आनंद झाला. सर्जन जॉन हंटर जरूर लाव. पण शेजारी कावसजीलाही जागा दे, असा माझा आग्रह आहे.

हंटरला रेनॉल्ड्सने १७८६ साली रंगवलं, १७८८ मध्ये विल्यम शार्पने ते चित्र तांब्यावर कोरलं. त्या काळच्या लंडनमध्ये फिजिशियन म्हणजे लॅटिन शिकलेला मानकरी. सर्जन हाताने काम करणारा, म्हणून एक पायरी खाली. १७४५ पर्यंत सर्जन आणि न्हावी यांची संघटना एकच होती! अशा धंद्यातला हंटर इथे हनुवटीला हात लावून विचारात गढलेला दिसतो, एखाद्या तत्त्वज्ञासारखा. वरच्या कोपऱ्यात एका सांगाड्याचे नुसते पाय आहेत. ते चार्ल्स बर्नचे, प्रचंड उंचीमुळे गाजलेल्या आयरिश माणसाचे. आपला देह समुद्रात सोडा, अशी त्याची इच्छा होती, तरी हंटरने तो मिळवलाच. मला ते पाय बघवत नाहीत.

आता कावसजी. इंग्रज फौजेत बैल हाकणारा मराठा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याकडच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बेतायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोलायची, पण भुवयांमध्ये जोडलेली ठेवून खाली वळवायची. वर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, हो, आपल्या पानातलाच कात! मग तुपातलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला सांधा कापायचा.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकिकत कावसजीच्या कोरीव चित्रासह छापून आली. त्याच्या कपाळावरची खूण चित्रात स्पष्ट दिसते. हजर असलेल्या क्रूसो आणि फिंडले या सर्जनांची नावं मजकुरात आहेत, रोग्याचं आहे. ज्याने नाक केलं, त्याची फक्त जात. १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने लंडनमध्ये हीच रीत वापरली, त्यावर १८१६ मध्ये पुस्तक काढलं आणि त्याचं नाव राहिलं. हे मला फार लागतं, सुहास.

तेव्हा कावसजीच्या चौकटीखाली मराठीत ठळक लिहून घे: 'शस्त्रक्रिया करणारा: पुण्याकडचा एक वीटकरी.' छपाईचा खर्च माझ्याकडे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश