डिचोलीच्या झेरॉक्सवाल्या मुलीस

प्रिय बाय,

नाव लिहू नका म्हणून तू बजावले आहेस, तेव्हा लिहीत नाही. पण दिवसभर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी राहून, दुकान बंद झाल्यावर भर पावसात दोन संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस आणि एक पैसा घेतला नाहीस. चार लोकांसमोर आभार तरी मला मानू दे.

शेजारच्या काकींना बँकेत द्यायला त्यांच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा हवा होता आणि आमच्या वाड्यावर अशा कामांना सगळ्या माझ्याच संगणकापाशी येतात. त्या दिवशी एकही साइट उघडेना. तुझ्याआधी एकाला बोलावले होते. त्याने न विचारता ब्राउझरमधले सगळे पुसून टाकले, त्यात माझे साठवलेले पासवर्डही गेले. साइट बंद त्या बंदच. शेवटी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगून तो गेला. बारा वर्षांचे फोटो आहेत त्यात. मला रात्रभर झोप लागली नाही.

तू आलीस आणि कशालाच हात लावला नाहीस. आधी माझ्या फोनवर, घरातल्याच वायफायवर, तीच साइट उघडून पाहिलीस. उघडली. म्हणजे लाइन ठीक, साइटही ठीक, बिघाड संगणकातच. मग पडद्यावरचा इंग्रजी मजकूर बोट ठेवून मोठ्याने वाचलास. तुमचे घड्याळ मागे आहे, असे तिथे सरळ लिहिले होते! दोन दिवस ते पान समोर होते आणि आम्ही कोणी ते शेवटपर्यंत वाचलेच नव्हते. खालच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१५.

घड्याळाचा आणि साइटचा काय संबंध, हे तू ज्या रीतीने सांगितलेस ते मी जन्मभर विसरणार नाही. प्रत्येक साइटकडे एक सर्टिफिकेट असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारे. ब्राउझर ते आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. ‘कदंबचा पास या महिन्याचा आहे, पण कंडक्टरच्या हातातले कॅलेंडर २०१५चे आहे, तर तो तुम्हाला बसमध्ये घेईल का?’ असे तू विचारलेस आणि मला एका क्षणात कळले. तारीख नीट लावली आणि साइट उघडल्या.

उताऱ्याचे बटण मात्र दाबले तरी हलेना. तेव्हा तू माउस माझ्या हातात दिलास. कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबायला लावून इन्कॉग्निटो खिडकी उघडलीस. तिथे बटण लगेच चालले. त्या खिडकीत जुन्या कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, नसतात आणि आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तेही चालत नाहीत, तेव्हा दोष या दोहोंपैकी एकात, एवढे तू सांगितलेस आणि पुढचे मला करू दिलेस. माझ्याकडे पाच एक्स्टेंशन निघाली. एकेक बंद करायचे, पान रिफ्रेश करायचे, बटण दाबून बघायचे. चौथे बंद केले आणि उतारा समोर आला. दिवाळीच्या खरेदीला कूपन शोधण्यासाठी घातलेले एक्स्टेंशन होते ते. काकी मागे उभ्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले.

कुकीज काढायची वेळच आली नाही. पण आली असती तर फक्त त्या एका साइटच्या काढायच्या, पुसायच्या यादीत पासवर्डपुढे खूण कधी ठेवायची नाही आणि आधी मालकाला विचारायचे, हे तू सांगितलेस. ‘मालकाला विचारायचे’ हे तुझे शब्द मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, तारीख परत २०१५. मला वाटले, आता ही पोर कंटाळेल. तू फोनवर एकच प्रश्न विचारलास : ‘रात्री प्लग काढून ठेवता का?’ हो, जून लागल्यापासून रोज काढते. आमच्याकडे विजा कशा पडतात ते तुला सांगायला नको. वायर भिंतीत असेपर्यंत विजेवर घड्याळ चालते, प्लग काढला की ते आतल्या सेलवर चालते, आणि सेल संपला होता. संध्याकाळी येताना तू घड्याळाच्या दुकानातून नवा सेल घेऊन आलीस, सीआर २०३२. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी सीपीयूच्या उघड्या पत्र्याला हात लावलास, मग झाकण बाजूला करून नखाने छोटी पट्टी मागे सारलीस आणि जुना सेल टुणकन वर आला. त्यावरचे आकडेही तू मला वाचून दाखवलेस : २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. नवा बसवताना अक्षरांची बाजू वर. एवढ्याशा चकतीसाठी माझा सगळा संगणक पुसला जाणार होता, बाय.

त्यानंतर तीनदा रात्री प्लग काढला, तारीख जागच्या जागी आहे. परवा खालच्या वाड्यावरच्या एका मुलीचा कॉलेजचा फॉर्म अडला, तेव्हा मी आधी तिला फोनवर साइट उघडायला सांगितली, मग इन्कॉग्निटो उघडली. तुला बोलवावे लागले नाही.

काकींचे बँकेचे काम झाले. त्यांच्या परसात यंदा सात शिरांची भेंडी चांगली लागली आहेत, तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली आहेत. शनिवारी दुकानातून परतताना आमच्याकडून होऊन जा, आणि छत्री घेऊन ये.

देव बरे करू.

तुझी,
वरच्या वाड्यावरची बाई