ज्वारीवर ज्वारी : आमच्या गिरणीवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

हे तुमच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल, फक्त त्याला म्हणावं गिरणी बंद असताना वाच. कारण गिरणीत तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी केलेला आहे. पट्टा फिरत होता, मी जोरात थँक्यू काका म्हणलं, तुम्हाला ऐकू आलं ‘बारीक’, आणि तुम्ही मान डोलवून चाक अजून थोडं आवळलंत. त्या आवाजात आभार पोचत नाहीत, म्हणून लिहून काढते, आणि सगळ्यांसमोर लिहिते कारण आपल्या कॉलनीतल्या बाकीच्यांनाही कळू दे की तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत.

आधी गिरणीबद्दलच लिहिते, मला ती जागा फार म्हणजे फार आवडते. पुण्यात इतक्या ठिकाणी रांगा लागतात पण तुमच्याकडे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. माणूस डबा ठेवतो आणि भाजी आणायला निघून जातो, आणि डबा पायानं एकेक फरशी पुढे सरकवायचं काम मागच्या डब्याचा मालक करतो, तो कोण का असेना. ओळख ना पाळख, पण दुसऱ्याचा डबा मागे टाकून आपला पुढे घेतलेला मी तरी पाहिला नाही. आणि आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरून घ्यायची पद्धत, त्यामुळे तुमच्याकडे निम्मी कॉलनी आपापल्या आजोबा-पणजोबांच्या नावानं ओळखली जाते. आमच्या डब्यावर नाव पुसट झालंय, फक्त लग्नाचं साल राहिलंय, म्हणून तुम्ही आरोळी देता “ओ १९७८, झालं तुमचं!” आणि मी १९७८ म्हणून पुढे येते, शेजारच्या ताई त्यांच्या सासऱ्यांचे वडील म्हणून पुढे येतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग ते चिमटीचं. पीठ हातात आलं की प्रत्येक जण चिमूटभर घेऊन अंगठ्यानं चोळतो आणि त्या वेळी पिठाकडे न बघता वर छताकडे बघतो. सगळे! आयटीवाला मुलगा, निवृत्त मास्तर, पहिल्यांदाच दळण आणलेली नवी सून, सगळे छताकडे. आणि मग म्हणतात “हं”. त्या ‘हं’ नंतरच तुम्ही पुढचं दळण ओतता, कधी घाई केली नाहीत. डब्यात टाकलेल्या चिठ्ठ्या पण तुम्ही मनापासून वाचता, “बारीक पण मागच्यासारखं बारीक नको”, “लाडूचं आहे, रवाळ, आत्यांना विचारलंय”, आणि एकदा तर कोणीतरी नुसतंच “नेहमीचं” असं लिहिलेलं आणि नाव नाही, तरी तुम्ही डबा उचलून बघितला आणि बरोब्बर दळलंत. बाहेर पडल्यावर आम्ही सगळे पाच-दहा मिनिटं तरी ओरडूनच बोलत असतो, रिक्षावाल्याशी पण, लिफ्टमध्ये पण, त्यावरून ओळखायचं की हा आत्ता गिरणीतून आला.

आता मूळ मुद्दा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती मंगळवेढ्याहून आमच्याकडे राहायला आली. तिच्या गावची ज्वारी म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, काळी जमीन, परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीला पेरायची आणि त्याच ओलीवर येणारी मालदांडी, टपोरी आणि चवीला गोड. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ तर अख्ख्या जगाचं भरडधान्य वर्ष होतं, पण आईला या दोन्हींचं काही विशेष वाटलं नाही, तिच्या हिशोबानं सरकारला आणि जगाला जरा उशिरा कळलं एवढंच. तिला दोन्ही वेळा भाकरी लागते, आणि ती स्वतः थापलेली लागते, ऑपरेशननंतर सुद्धा स्टुलावर बसून.

आणि इथे भाकरी होईना. दुकानातून आणलेल्या पाकिटातल्या पिठाची विरी, म्हणजे एकत्र धरून राहायची ताकद, गेलेली असायची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाहीच, गरम पाण्याची उकड आणि ताजं पीठ यांच्या जिवावरच ती भाकरी उभी राहते, पीठ जुनं झालं की थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. आई तुकडे पण शेकून खायची, बोलायची काही नाही, पण हळूहळू तिनं परातच मागणं बंद केलं आणि पोळी चालेल म्हणायला लागली. आमच्या आईनं पोळी चालेल म्हणणं ही साधी गोष्ट नाही काका, मला रात्री झोप लागेना. गावाकडची ज्वारी मागवली पोतंभर, तर जवळच्या एका गिरणीत पाच किलोच्या खाली घेत नाही म्हणाले, आणि पाच किलो दळलं तर तिच्या एकटीला ते संपेपर्यंत परत विरी जाणार. शिवाय तिथे ज्वारी टाकली गव्हावर. ते आईनं घरात बसून पीठ नुसतं बोटानं चोळून ओळखलं, छताकडे न बघता.

मग मी तुमच्याकडे आले आणि एक किलो ज्वारी दळाल का असं जरा घाबरतच विचारलं. तुम्ही विचारलंत “भाकरी कोण थापतं?” मी म्हणलं आई. “कुठल्या?” मंगळवेढ्याच्या. आणि तुम्ही गिरणी बंद केलीत! चालू गिरणी बंद करून तुम्ही मला नीट समजावून सांगितलंत की एकदम दळू नका, थोडं थोडं आणा, पीठ गरम असतं ते घरी गेल्यावर उघडं ठेवा, गरमागरम झाकण लावलं की आत वाफ धरते आणि गोळे होतात, आणि बाजरी आणाल तेव्हा त्याहून कमी आणा कारण बाजरीत तेल जास्त, पीठ पटकन कडू होतं. आणि मग म्हणालात, सकाळी गिरणी सुरू झाली की पहिली ज्वारी भाकरी केंद्रातल्या बायकांची असते, ती झाली की लगेच तुमची टाकतो, ज्वारीवर ज्वारी.

हे ज्वारीवर ज्वारी प्रकरण ज्यांच्या घरी दळण जात नाही त्यांना कळायचं नाही. दगडांच्या मध्ये आणि तोंडाच्या कापडात आधीच्या दळणाचं पीठ उरलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं, म्हणून तर दिवाळीच्या आधी बायका चकलीची भाजणी घेऊन ताटकळत बसतात, तांदळावर नाहीतर हरभऱ्याच्या डाळीवरच पाहिजे, गव्हावर नको, आणि उपवासाच्या भाजणीचा तर तुम्ही वेगळा दिवसच ठेवता. “आता काय चाललंय? नंतर काय आहे?” हे दोन प्रश्न तुम्हाला दिवसभर विचारले जातात आणि तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता पूर्ण टाईमटेबल सांगता. एका किलोचं दळण त्यात बसवायचं म्हणजे तुम्हाला किती उलटंपालटं करावं लागत असेल याचा विचार मी खूपदा करते. किलोभर ज्वारीत तुम्हाला सुटतं काय? वर पैसे देताना म्हणता राहू द्या, पुढच्या वेळी एकदम द्या, आणि पुढच्या वेळी मागचे विसरलो म्हणता. काका, तुम्ही विसरत नाही. माझ्या सासरच्यांचे डबे कुठले आणि माहेरचे कुठले हे ज्या माणसाला पाठ आहे तो पैसे विसरत नाही.

अजून एक. दगडाला टाकी लावली, म्हणजे ठोकून परत खडबडीत केला, की सुरवातीच्या पिठात कच येते. त्या दिवशी तुम्ही तुमच्या घरचं धान्य आधी टाकता, ते पीठ गिऱ्हाईकाला देत नाही, आणि मला फोन करून सांगता “आज आईंचं आणू नका, उद्या आणा”. हे कोणी सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. आईला दाताखाली कळलं असतं.

आता आई चालती झालीय आणि दळण आणायला स्वतः येते, खरं तर ती दळणासाठी कमी आणि तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीसाठी जास्त येते. तुम्ही तिला ‘मंगळवेढ्याच्या आई’ म्हणता त्याचं तिला इतकं आहे की घरी आल्यावर दोनदा तरी सांगते. तिथे बसून ती येणाऱ्या प्रत्येकाच्या ज्वारीत हात घालते, ही खरिपाची दिसते, ही जुनी आहे, ह्याला किडा लागायच्या आत दळून टाका, आणि लोक ऐकतात! मागच्या आठवड्यात त्या आयटीवाल्या मुलाला तिनं मशीन चालू असताना ओरडून ओरडून दामाजीपंतांची सगळी गोष्ट सांगितली, दुष्काळात राजाची कोठारं लोकांसाठी उघडली ते आमच्या गावचे म्हणून, आणि तो बिचारा ऑफिसचा कॉल बंद करून ऐकत होता. जाताना त्यानं तिला विचारलं उकड किती वेळ झाकून ठेवायची. घरी आली तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या आणि गाणं म्हणत होती.

भाकरी टम्म फुगते आता. पहिली उतरली की ती मला हाक मारते, मी कुठेही असले तरी यायचं आणि बघायचं, बघून झाल्यावरच तव्यावर दुसरी पडते, हा तिचा नियम. तर त्या रोजच्या हाकेबद्दल तुमचे मनापासून आभार काका. तुमच्या मुलाचेही, तो डबा गाडीवर ठेवून देतो आणि झाकण घट्ट लावत नाही, फट ठेवतो, तुमच्याकडूनच शिकला असणार.

नवी ज्वारी निघाली की मामा पोतं पाठवणार आहे, त्यातली एक पायली तुमच्या घरी येईल, नको म्हणू नका, आईनं आधीच ठरवलंय आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही. मागचे सगळे दळणाचे पैसे मी तुमच्या मुलाला ऑनलाईन पाठवलेत, त्यानं परत पाठवायचे नाहीत. आणि आईचा निरोप, संक्रांत जवळ आलीय, भोगीच्या आदल्या दिवशी बाजरीची गर्दी होईल, तर आमची अर्धा किलो बाजरीवरच टाका, आणि त्या दिवशी खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊ नका.

तुमची,
१९७८