झारकोनला पाणी कुठून येणार?

चि. ओम,
अनेक आशीर्वाद.

तू ती सिव्हिलायझेशन ६ या कॉम्प्युटर गेमच्या मॉडची, म्हणजे त्यात तुम्ही घालणार त्या मनाने रचलेल्या संस्कृतींची, फाइल पाठवून आज नऊ दिवस झाले. मी 'वाचतो' म्हणून अंगठा टाकला आणि वाचलीच नाही, खोटं कशाला बोलू. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटलंय, दिवसा पाणीमागणीचे नमुना नंबर 7 चे अर्ज आणि रात्री चारीवर फिरणं. पण परवा रात्री टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, पाणी पोचायची वाट बघत बांधावर दीडेक तास बसून होतो, चार्जिंग होतं, मग मोबाईलवर तुझी फाइल उघडली आणि सलग वाचून काढली. दोनदा.

आधी चांगलं सांगतो. तिन्ही संस्कृती तुम्ही तिघांनी मिळून कागदावर उतरवल्यात हेच मला भारी वाटलं, कारण दहावीच्या वर्षी मी तुझा माउस कपाटात कुलूप लावून ठेवला होता तेव्हा मला वाटायचं की हा पोरगा नुसता क्लिक क्लिक करत बसतो. तसं नव्हतं हे आत्ता कळतंय, असो.

आता झारकोन. वाळवंटातले लोक, लाल डोळे, सरड्यांवर बसणारं घोडदळ, लढाईत अधिक 5, राजाचं नाव रक्तसम्राट, राजधानी व्होर्ग'नाक (ती मधली अपॉस्ट्रॉफी कशासाठी असते रे? उच्चारताना उचकी द्यायची का?), आणि वाळवंटातल्या प्रत्येक टाइलला (नकाशावरच्या घराला) धान्य अधिक 2. मी हे आजीला वाचून दाखवलं. म्हणजे जेवढं सांगता आलं तेवढं. तिने सगळं ऐकून घेतलं, सरड्यांना हसली, आणि मग एकच प्रश्न विचारला, "पानी कथाइन ई रे?"

आणि मला उत्तर देता येईना, कारण फाइलमधे ते कुठेच नाहीये. अधिक 2 धान्य कोण देतं त्यांना? सम्राट?

तूच मला दिवाळीत शेजारी बसवून दाखवलं होतंस की सिव्हिलायझेशन ६ मधे गोड्या पाण्याच्या काठी शहर वसवलं की सुरुवातीला घरांची जागा 5, समुद्राकाठी 3, आणि दोन्ही नसेल तर 2. मी तेव्हा म्हणलं होतं की हा गेम ज्याने बनवला त्याने कधीतरी टँकर लावलेलं गाव बघितलं असणार. आणि भारताला त्यात काय दिलंय, बारव! आपल्याकडे पडून असलेल्या, कचरा टाकायच्या जागा झालेल्या बारवा, आणि त्यांनी ती खास भारताची म्हणून ठेवली, तिने धान्य वाढतं, राहायची सोय वाढते, शेजारी शेत असेल तर अजून थोडं धान्य. त्या एका बारवेवरून कळतं की इथला पाऊस चार महिन्यांचा आहे आणि पाणी साठवल्याशिवाय या लोकांचं भागत नाही. हत्ती पण दिलाय लढाईला, तो ठीक आहे, हत्ती कोणीही देईल.

म्हणून मला वाटतं झारकोनची सुरुवात राजापासून नको करू. त्यांना काय कमी आहे ते आधी ठरव. ज्या गोष्टीची टंचाई असते ना, सगळे कायदे, भांडणं, देव, शिव्या त्याच गोष्टीच्या भोवती तयार होतात. माझी पंचवीस वर्षं कालव्यावर गेली, मी माणसं मारामारीला आलेली बघितली ती सगळी पाण्याच्या पाळीवरून, आणि एकमेकांच्या पोरीच्या लग्नात पुढे होऊन वाढणारी पण तीच माणसं.

तुला आपल्या साक्रीकडची फड पद्धत माहितीये का? लहानपणी सामोड्याला नेलं होतं पण तू गाडीत झोपला होतास. पांझरेवर, तिकडे मोसम नदीवर पण, तीनचारशे वर्षं जुनी म्हणतात. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार भाग, त्या एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, बाकीच्यात हंगामी, आणि वर्षागणिक फिरवायचं. पाणी आपल्या हाताने घ्यायचं नाही, पाळीने पाणी द्यायला पाटकरी असतो, पिकं राखायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि त्यांची मजुरी धान्यात. शेतकऱ्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असते. आता यातली गंमत बघ, एखाद्या वर्षी नदीला पाणी कमी आलं तर पंच बसून ठरवतात की यंदा अमुक फडाला पाणी नाही, आणि प्रत्येकाचा थोडा थोडा तुकडा त्या फडात असल्यामुळे नुकसान सगळ्यांना वाटून बसतं, एकटा कोणी मरत नाही. माझ्या कालव्यावर काय होतं? हेडचा, म्हणजे सुरुवातीचा, माणूस ऊस भिजवतो आणि टेलचा रात्री दोन वाजता मला फोन करून आईबहीण काढतो. आम्ही सिमेंट वापरलं, गेट बसवले, मोजमाप केलं, आणि त्या जुन्या लोकांनी फक्त जमीन अशी वाटली की हेड आणि टेल हे भांडणच बऱ्यापैकी मिटलं. पुढे वर धरणं झाली, विहिरी झाल्या, ज्याला त्याला स्वतःची मोटर आली आणि बरेच फड मोडले. हे माझ्याच खात्यात बसून लिहायला बरं वाटत नाही पण आहे ते आहे.

आता हे तुझ्या मॉडमधे कसं येईल ते तूच जास्त सांगशील, मला नुसतं सुचलं ते लिहितो. झारकोनला वाळवंट फुकटात सुपीक नको देऊ. वाळवंटातून जाणारी एक नदी दे, स्टार्ट बायस नदीचा ठेव, म्हणजे त्यांची सुरुवात नदीकाठी होईल, आणि टाइलवर बांधायची त्यांची खास इम्प्रूव्हमेंट फड. एकट्या फडाला काहीच मिळणार नाही, तीन-चार फड लागून असले तरच धान्य. म्हणजे त्यांची शहरं सुरुवातीला रडतखडत वाढतील, पण एकदा साखळी जमली की हलणार नाहीत. गेमच्या त्या गॅदरिंग स्टॉर्म पुरवणीमधे (2019 ची ना ती?) पूर आणि दुष्काळ आहेत असं तू म्हणाला होतास, तर दुष्काळात यांचं एक शेत उजाड व्हायच्या ऐवजी सगळ्या फडांचं थोडं थोडं कमी व्हावं. कोडमधे जमतं का बघ, नसेल जमत तर सोड. आणि बिल्डरच्या जागी पाटकरी, तुमच्या बिल्डरला 3 चार्ज असतात, म्हणजे तीन कामं करता येतात, तर याला 4, पण नदीकाठच्या टाइलवरच चालतील. सरडे ठेव, सरडे मला आवडले. फक्त लढाईतलं ते अधिक 5 सगळीकडे नको, बंधाऱ्याजवळ लढताना असू दे. माणूस पाण्यासाठी लढतो तसा दुसऱ्या कशासाठी लढत नाही.

रक्तसम्राटाबद्दल पण बोलायचंय. नाव वाचून असं वाटतं की तो सकाळी उठून चहाऐवजी रक्त पितो. जरा आपल्या सातवाहनांकडे बघ, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राजा आईचं नाव लावतो! नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलाचं कौतुक आईने दगडात कोरून ठेवलंय, आपण बघायला गेलो तेव्हा तू सेल्फी काढत होतास. तरी गादी मात्र बापाकडून मुलाकडेच जायची, म्हणून नुसतं आईचं नाव दिसलं की 'इथे बायकांचं राज्य' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. असं काहीतरी अर्धवट, कोड्यात टाकणारं झारकोनला दे. उदाहरणार्थ त्यांचा राजा त्याच्या बंधाऱ्याचं नाव लावतो. नवीन राजा झाला की पहिलं काम नवा बंधारा, नाहीतर त्याला नावच नाही, लोक त्याला 'अरे ए' म्हणणार.

आणि शहरांची यादी. तीस नावं लिहिलीस आणि तिसांपैकी एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. व्होर्ग'नाक, क्सेलथार, ड्रूम, इलियानोरा. एका बापाची पोरं वाटत नाहीत. आपल्याकडचा नकाशा उघडून नुसता वाच. पिंपळनेर, अमळनेर, जामनेर, हे 'नेर' ऐकलं की खानदेश डोळ्यापुढे येतो, आणि बोरिवली, कांदिवली, डोंबिवली म्हणलं की लोकलची गर्दी. बोरविहीर म्हणलं की बोरीचं झाड आणि विहीर दोन्ही दिसतात. मग बुद्रुक आणि खुर्द, मोठं आणि धाकटं, फारसीतून आलेले शब्द, सुलतान गेले, मराठे आले, इंग्रज आले गेले, पण एसटीच्या पाटीवर खुर्द अजून खुर्दच आहे. म्हणजे बघ, गावाच्या नावाच्या शेपटीत जुनं राज्य अडकून राहतं. तू तीन-चार शेपट्या ठरव, एक नदीकाठच्या गावाची, एक बाजाराच्या गावाची, आणि एक अशी जी झारकोनच्या आधी तिथे राहणाऱ्या लोकांच्या भाषेतली आहे, तिचा अर्थ आता खुद्द झारकोनला पण माहीत नाही. खेळणाऱ्याला हे कोणी सांगायची गरज नाही, त्याला आपोआप वाटेल की हा देश जुना आहे.

बाकीच्या दोन संस्कृतींवर जास्त लिहीत नाही. समुद्रवाले चांगले झालेत, ते मीठ विकतात हे वाचून बरं वाटलं, ते ज्याने लिहिलं त्या मित्राला माझ्याकडून शाबासकी सांग. डोंगरवाले मात्र नुसते दाढीवाले बुटके आहेत, ते आम्ही पण शंभर ठिकाणी बघितलेत. त्यांना घाट दे, घाटावर जकात घेऊ दे. नाणेघाटात जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून उभा आहे, तो बघून ये एकदा तिघं मिळून, पावसाळा सोडून.

हां, आणि दिवाळीत तुझ्या स्क्रीनवर शहराच्या नावाच्या जागी एलओसी सिटी नेम असलं काहीतरी दिसत होतं आणि तू रात्री अडीचपर्यंत ती डेटाबेस लॉगची फाइल खालून वर वाचत बसला होतास, शेवटी एक टॅग बंद करायचा राहिला होता. मी दारातून बघत होतो, बोललो नाही. आमच्याकडे पण तसंच असतं, चारी सात किलोमीटर आणि पाणी अडतं एका उंदराच्या बिळापाशी.

परीक्षा कधी आहे ते कळव, मम्मी विचारते. पैसे सोमवारी टाकतो.

आजीला मी गावांच्या नावांचं सांगितलं तर म्हणाली, गावांचं काय घेऊन बसला, आपल्या शेतांना पण नावं होती, तुझ्या आजोबांच्या आधीपासूनची. मग तिने डोळे मिटून सांगायला घेतलं आणि मी सिगारेटच्या पाकिटावर (माझं नाही, पाटकऱ्याचं) लिहून घेतलं: वडाचं, खारं, पाटाखालचं, बारा बिघे, मेंढ्या बसायच्या ते, सतीचं, आणि एक नुसतं 'तिकडचं'. आठवं तिला आठवेना. आठवलं की फोन करते म्हणाली, तर अनोळखी नंबर दिसला म्हणून कट करू नको, तिने नवीन सिम घेतलंय.

तुझा,
पप्पा